काळी गाडी, पांढरे ओरखडे

वाचकहो, रेशनकार्ड, जातीचे दाखले, दहावीनंतरचे प्रवेश अशा विषयांवर या सदरात आम्ही नेहमी लिहितो. आजचा विषय जरा निराळा आहे. काळ्या रंगाच्या महागड्या मोटारीचा रंग कसा राखावा आणि तो बिघडला तर पुन्हा कसा उजळावा, हा तो विषय. "आपल्या घरी कुणाकडे अशी मोटार आहे?" असे कुणी विचारील. मोटार आपली नाही हे खरे. पण तिला रोज हात लागतो तो आपलाच. पहाटे पाच वाजता सोसायटीच्या तळघरात बालदी घेऊन उतरणारा मुलगा आपल्या वस्तीतला असतो, गॅरेजात लांबी भरून पेपर मारणारा आपला असतो, आणि साहेब मीटिंगमध्ये असताना बाहेर गाडीवर फडके फिरवीत उभा असलेला ड्रायव्हरही आपलाच कुणीतरी मामा किंवा मेहुणा असतो. ज्या पत्र्यावर आपले पोट आहे त्याची माहिती मालकापेक्षा आपल्याला अधिक असावी असे आम्हांला वाटते.

हा विषय निघाला तो ठाण्याकडच्या एका भगिनीच्या पत्रावरून. त्यांनी लिहिले होते, "दादा, माझा मुलगा कॉलेजला जाण्याआधी चौदा गाड्या पुसतो. एका साहेबांची काळी जर्मन गाडी आहे. तिच्यावर गोल गोल रेघा पडल्या, त्या तूच पाडल्यास असे म्हणून त्यांनी दोन महिन्यांचा पगार दिला नाही. पोरगा म्हणतो मी काही केलं नाही. खरं कसं कळायचं?" प्रश्न रास्त आहे. खरे कळण्यासाठी आधी गाडीचा रंग म्हणजे काय हे कळले पाहिजे. म्हणून आम्ही वीस-बावीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केलेल्या एका बांधवाला गाठले, दोन रविवार त्यांच्याजवळ बसलो, आणि जे समजले ते इथे मांडत आहोत.

कारखान्यात मोटारीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, प्रायमरवर रंगाचा थर आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला गॅरेजात सगळे 'क्लिअर' म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर वरचा क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक. पन्नास-साठ लाखांच्या गाडीची सगळी झळाळी या एवढ्याशा थरावर उभी असते, हे कळल्यावर आम्हांलाही नवल वाटले.

जुन्या गाड्यांचे तसे नव्हते. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवा. तिच्यात रंग आणि चकाकी एकाच थरात असे, आणि पॉलिश मारले की फडके काळे होई. आजच्या गाडीला पॉलिश मारले आणि फडक्यावर रंग उतरला नाही, तर समजावे की वर क्लिअर आहे. फडके काळे झाले तर एकतर जुन्या पद्धतीचा रंग आहे किंवा क्लिअर संपून हात खालच्या रंगाला लागला आहे, आणि दुसरी गोष्ट असेल तर मशीन तिथेच बंद करावे. (पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. तिला घासून घासून पोरांना कॉलेजात घातलेले टॅक्सीवाले आमच्या ओळखीचे आहेत.)

काळ्या रंगाची एक गंमत आहे. अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी मोटार १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे, कारण तेव्हा काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. म्हणजे त्या वेळी काळी गाडी सर्वसामान्यांची होती. आता तोच रंग बड्यांच्या मानाचा झाला आहे. आणि सांभाळायला सगळ्यांत कठीण रंग तोच.

कठीण का, तर काळा पृष्ठभाग स्वतः फार थोडा उजेड परत पाठवतो. त्यावर बारीक ओरखडा पडला की ओरखड्याच्या कडेवरून उजेड विखुरतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर ती रेघ पांढरी दिसते. पांढऱ्या गाडीवर तेवढेच ओरखडे असतात, पण पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. बल्बखाली किंवा उन्हात पाहिले की या रेघा दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल दिसतात. वास्तविक त्या गोल पडलेल्या नसतात, वाटेल त्या दिशेने पडलेल्या असतात. उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात म्हणून गोलाचा भास होतो. तेव्हा "रेघा गोल आहेत, म्हणजे तू गोल हात फिरवलास" हे मालकाचे म्हणणे निम्मे तरी चुकीचे असते.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगून टाकतो. आम्ही, ते पेंटर बांधव आणि तो मुलगा असे तिघे एका संध्याकाळी त्या साहेबांकडे गेलो. भांडायला नाही, गाडी पाहायला. मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा धरला. पेंटर बांधवांनी साहेबांना दाखवले की बॉनेटवर आणि डिकीवर लांबच लांब, लाटेसारखे एका पाठोपाठ एक पट्टे आहेत, आणि टॉर्च हलवला की ते पट्टेही हलतात. असे पट्टे फडक्याने पडत नाहीत. गोल फिरणारे बफिंग मशीन कडक पॅड लावून ओढले की पडतात. मशीन ज्या वाटेने गेले ती वाट तिथे उमटलेली असते. विचारल्यावर साहेबांना आठवले की दिवाळीआधी एका दुकानातून त्यांनी पॉलिश करवून घेतले होते. मात्र दरवाजांच्या खालच्या भागावर बारीक, सरळ, पुढेमागे गेलेल्या रेघा होत्या. त्या मुलाच्या फडक्याच्या होत्या, आणि पेंटर बांधवांनी तेही मुलाच्या तोंडावर सांगितले. साहेबांनी दोन महिन्यांचे पैसे दिले. पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस असेही सांगितले. मुलाकडे आता तेरा गाड्या आहेत.

दरवाजावरच्या त्या रेघा का पडल्या याचा हिशेब आम्ही नंतर मुलाबरोबर केला. दोन तासांत चौदा गाड्या, म्हणजे एका गाडीला साडेआठ मिनिटे. पाण्याची बालदी चार गाड्यांना एक. फडके एकच, तेही पिवळे सुती. पहिल्या गाडीचा चिखल बालदीत गेला, तोच दुसऱ्या गाडीवर चढला. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू क्लिअरपेक्षा कितीतरी कडक. ओले फडके त्या वाळूला दाबून गाडीवर फिरवते, म्हणजे आपण गाडी पुसत नसून तिला पॉलिशपेपर मारीत असतो. सगळ्यांत वाईट म्हणजे सुकी धूळ झटकणे. ड्रायव्हर मंडळींना हात रिकामा ठेवता येत नाही, जाता-येता फडके मारायची सवय असते. काळ्या गाडीवर तरी ही सवय सोडावी. धूळ बसलेली दिसली तर दिसू द्यावी, धुण्याच्या वेळी ती पाण्याने जाईल.

धुण्याची रीत सांगतो. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. पहाटेची वेळ त्या दृष्टीने चांगलीच. दोन बालद्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठीचा शॅम्पू घातलेले पाणी, दुसरीत नुसते पाणी. आधी गाडीवर भरपूर पाणी ओतून किंवा पंपाने मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूच्या पाण्यात बुडवून वरून खाली, म्हणजे टपापासून सुरुवात करून, सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवावा. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळून घाण काढावी आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवावा. बालदीच्या तळाशी जाळी ठेवली तर वाळू खाली बसते, वर येत नाही. दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी. चाकांसाठी फडके आणि ब्रश निराळा, तो चुकूनही वर लावायचा नाही. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने घाण निघते, पण गाडीवरचे मेणाचे संरक्षणही त्याच्याबरोबर जाते.

बहुतेक सोसायट्यांत पाण्याची मोजदाद असते, दोन बालद्या कुठून आणायच्या, हा प्रश्न येणारच. त्यासाठी खळबळावे न लागणारे द्रव साबण मिळतात. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात एका बालदीत मिसळायचे, आठ-दहा स्वच्छ मायक्रोफायबर फडकी त्यात भिजत घालायची, आणि एका भागाला एक फडके वापरून ते पुन्हा बालदीत न टाकता बाजूला ठेवायचे. त्याआधी तेच पाणी फवाऱ्याने गाडीवर मारून धूळ भिजू द्यायची. एका गाडीला आठ-दहा लिटर पाण्यात काम होते. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र हा उपाय चालत नाही, तिथे पाणीच ओतावे लागते.

फडक्यांबद्दल माताभगिनींसाठी खास सांगायचे, कारण ती घरी धुण्याचे काम शेवटी त्यांच्यावरच येते. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे चिरलेले बारीक तंतू. धूळ त्या फटींत अडकते. हे फडके सुती कपड्यांबरोबर धुतले तर सुताचे पुंजके त्यात अडकतात. कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रव घातले तर तंतूंवर पुट चढते आणि फडके पाणी ओढत नाही. साधा पातळ साबण, कोमट पाणी, सावलीत वाळवणे, एवढे पुरे. जमिनीवर पडलेले फडके न धुता गाडीला लावू नये. आणि गाडीची फडकी घरच्या कपड्यांच्या बालदीत नकोत. त्यांत ब्रेकची भुकटी आणि रसायने असतात, लेकरांच्या कपड्यांना ती लागू नयेत.

गाडी धुतली की लगेच कोरडी करावी. बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात वाळला की क्षाराची गोल पांढरी चकती उरते आणि काळ्या गाडीवर ती देवीच्या व्रणासारखी दिसते. ताजी चकती पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने बहुधा निघते. आधी कोपऱ्यात करून पाहावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पक्ष्याची विष्ठा नखाने खरवडू नये, ओले फडके तिच्यावर पाच मिनिटे ठेवावे आणि अलगद उचलावे. काळा पत्रा उन्हात फार तापतो, क्लिअर मऊ पडतो आणि विष्ठेखाली त्याचा आकारच बिघडतो, म्हणून हे काम त्याच दिवशी झाले पाहिजे. रेल्वे रुळांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीवर ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण चिकटतात. धुतल्यावरही हात फिरवला तर खरखर लागते. त्यासाठी लोखंड विरघळवणारे द्रव मिळते, ते फवारले की जांभळे ओघळ येतात आणि वास अत्यंत घाण येतो. त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले म्हणून मिळणारा लगदा पातळ साबणाचे पाणी मारत अलगद फिरवावा. क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्यावा. इथे काटकसर केली तर ती गाडीवर उमटते.

आता पडलेले ओरखडे काढायचे कसे. पहिली गोष्ट ही की ओरखडा 'भरला' जात नाही, त्याच्या भोवतालचा क्लिअर घासून त्याच्या तळापर्यंत आणला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशबरोबर केसाहून पातळ असलेल्या त्या थरातले थोडे कमी होते. हलक्या पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन, जाड कंपाउंडने त्याहून जास्त. उन्हाचा मारा सोसतो तो हाच क्लिअर. तो फार पातळ झाला तर काही वर्षांत पांढरा पडतो आणि पापुद्रे सुटतात. मग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नसतो. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणारा मालक स्वतःच्याच गाडीचे आयुष्य घासत असतो. दुकानदार त्याला हे सांगत नाही.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तो खोल आहे, पॉलिशने तो पुरता काढायच्या फंदात पडू नये. कडा जरा बोथट करून दिसायला कमी करता येतो, तसे मालकाला आधीच सांगावे. नख अडकले नाही तर काम होण्यासारखे आहे. चांगल्या कारागिराकडे रंगाची जाडी मोजायचे यंत्र असते. आकडा ठिकठिकाणी १०० ते १५० च्या आसपास आला तर रंग कारखान्याचा समजावा. एकाच दरवाजावर तो ३०० आला तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे, आणि हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी आहे. महाग गाड्यांत बॉनेट पुष्कळदा अॅल्युमिनियमचे असते, तिथे नुसते लोखंडावर चालणारे यंत्र आकडा देत नाही, दोन्ही धातूंवर चालणारे घ्यावे लागते. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही यंत्रे चालतच नाहीत, तिथे अंदाजाने आणि जपून.

मशीन दोन जातींची. एक नुसते गोल फिरणारे, गॅरेजात बहुधा हेच असते. ते झपाट्याने काम करते आणि झपाट्याने रंग जाळते. दुसरे फिरता फिरता डुलणारे, त्याला ड्युअल अॅक्शन म्हणतात. त्याला वेळ लागतो, पण नवशिक्याच्या हातून त्याने रंग जळण्याची भीती पुष्कळ कमी. आमच्या पेंटर बांधवांचा हात गोल मशीनवर बसलेला आहे, तरी नव्या मुलांनी डुलणाऱ्या मशीनवरच शिकावे असे त्यांचे स्पष्ट मत आहे. पत्र्याच्या कडा, दरवाजाच्या धारा, बॉनेटवरची उठावाची रेघ, इथे रंग सर्वांत पातळ असतो. त्यांवर टेप लावूनच काम करावे. रबराच्या आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरही टेप हवा, नाहीतर पॉलिशचा पांढरा डाग तिथे कायमचा बसतो.

आधी दीड-दोन फुटांच्या एका चौकोनावर प्रयोग करावा. सुरुवात सर्वांत हलक्या पॉलिशने आणि मऊ फोमच्या पॅडने. त्याने भागले तर जड कंपाउंडला हात लावायचाच नाही. मशीन सावकाश, एकावर एक पट्टा येईल असे, आडवे आणि मग उभे न्यावे. मधून मधून पत्र्याला हात लावून पाहावा. तो हाताला सोसवत नाही इतका तापला तर थांबावे. पॅड दर चौकोनानंतर ब्रशने साफ करावा. जर्मन गाड्यांचा क्लिअर पुष्कळदा कडक असतो. मर्सिडीजने तर २००३ च्या अखेरीस अतिसूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला क्लिअर आणला, त्यावर ओरखडे कमी पडतात. पण पडले की काढायलाही घाम निघतो. (या गाड्या १९९५ पासून आपल्या पुण्यातच जुळवल्या जातात, आधी टेल्कोच्या आवारात आणि २००९ पासून चाकणला. त्यांना रंगवणारे हातही इथलेच.) काही जपानी गाड्यांचा क्लिअर इतका मऊ असतो की नुसत्या फडक्यानेही रेघ पडते. म्हणून एका गाडीवर जमलेली रीत दुसरीवर आंधळेपणाने चालवू नये.

पॉलिश झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो चौकोन पुसून मगच उजेडात पाहावा. कारण पॉलिशमधले तेल ओरखड्यांत बसते आणि रेघ गेली असे वाटते. दोन-चार धुण्यांत तेल निघून जाते आणि रेघा परत येतात. काही दुकाने नुसते हे तेलकट ग्लेझ चोळून पूर्ण कामाचे पैसे घेतात. मालक महिन्याने गाडी पाहतो, आणि दोष कुणावर येतो? रोज गाडी पुसणाऱ्या मुलावर.

गाडी उजळली, आता ती राखायची कशाने? कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळते. ते काळ्या गाडीला खोल, ओली झळाळी देते, पण आपल्या उन्हात आणि पावसात फार तर एक-दोन महिने टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक टिकते. सिरॅमिक कोटिंग हे सिलिकावर आधारलेले द्रव. ते क्लिअरला घट्ट धरते, नीट लावले तर वर्ष-दोन वर्षे आणि चांगले असेल तर अधिकही टिकते. त्याच्या जाहिरातीत '९एच' असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. लोकांना वाटते की हिऱ्याच्या खालोखाल कडक काहीतरी आहे. वास्तविक हा आकडा पेन्सिलींचा आहे. आपल्या मुलांच्या कंपासपेटीत एचबी पेन्सिल असते ना, त्याच मोजपट्टीतली ही ९एच. तेवढी कडक पेन्सिल ओढून रेघ पडली नाही, इतकाच त्याचा अर्थ. वाळू पेन्सिलीहून कडक आहे. शिवाय हा थर एखाद-दोन मायक्रॉनचाच. कोटिंगने पाणी घरंगळते, घाण कमी चिकटते, धुणे सोपे होते. ओरखडे आणि खडीचे टवके थांबत नाहीत. खडी अडवायची तर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म चढवावी लागते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे मूळच्या सगळ्या रंगापेक्षा जाड असते, आणि किंमतही तशीच.

काळ्या गाडीला कोटिंग लावताना ते वेळेवर पुसून सपाट केले नाही तर इंद्रधनुषी डाग राहतात आणि पुन्हा पॉलिश करूनच निघतात. लावल्यावर एक दिवस पाणी लागू देऊ नये, आठवडाभर शॅम्पू नको. गॅरेजात नुकत्याच रंगवलेल्या भागावर मेण किंवा कोटिंग लगेच चढवू नये, रंगातली द्रावके बाहेर पडायला साधारण महिनाभर तरी द्यावा.

आता शरीराचे बोलू, कारण गाडीचा रंग परत मारता येतो. गॅरेजात फवारण्याच्या क्लिअरमध्ये जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. ती श्वासातून गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना चिडू लागले की पुढे थोड्याशा वाफेनेही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल यावर काडीचाही उपयोगी नाही. साधा कापडी मास्कही नाही. फवारणी बंदिस्त बूथमध्ये, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लावून व्हावी, ही रीत आहे. ती पुरवणे मालकाचे काम आहे आणि ती मागणे हा उद्धटपणा नव्हे. काचेचे आणि चाकांचे डाग काढणाऱ्या काही स्वस्त द्रवांत हायड्रोफ्लोरिक जातीचे आम्ल असते. ते कातडीला लगेच फारसे झोंबत नाही, पण आत हाडापर्यंत इजा करते. लेबल नसलेली बाटली कुणी दिली तर ती वापरू नये. आणि असे द्रव थंड पेयाच्या बाटलीत भरून घरी तर कदापि आणू नये. तहानलेले पोर बाटलीचा आकार पाहते, आतले काय ते त्याला कळत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे असल्यामुळे पैशाचे बोलल्यावाचून राहवत नाही. गाडी पुसणाऱ्या मुलांनी नवे काम धरताना पहिल्याच दिवशी टॉर्च लावून गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि मालकाच्या मोबाईलवर पाठवावेत. "साहेब, आजची स्थिती अशी आहे" एवढे दोन शब्द लिहावेत. पगाराची तारीख आणि रक्कमही त्यातच. ज्यांना पॉलिशचे काम स्वतंत्रपणे करायचे आहे त्यांनी दर तासांवरून ठरवावा. समजा, एका गाडीला दोन दिवस, म्हणजे १६ तास लागले. समजा, मशीन १२,००० रुपयांचे आणि ते ६० गाड्या चालेल असे धरले, तर दर गाडीमागे २०० रुपये घसारा. (हिशेबातला हा 'घसारा' या धंद्याला अगदी शोभतो.) माल १,५०० रुपये, जाणे-येणे ३०० रुपये. एकूण २,००० रुपये खर्च. गिऱ्हाइकाकडून ४,००० घेतले तर हातात २,००० राहिले, तासाला १२५ रुपये, दिवसाला १,०००. हे आकडे समजुतीसाठी आहेत, आपापले खरे आकडे घालून पाहावेत. अनेक मुले ४,००० मिळाले म्हणून खूश असतात आणि मशीन बिघडले की कर्ज काढतात.

कर्ज काढायचेच असेल तर सावकाराच्या आधी बँकेत जावे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. मॅनेजरने उडवून लावले तर अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ज्यांना पाया पक्का करायचा आहे त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या संस्थेत तो चालतो याची प्रवेशाच्या वेळी चौकशी करावी.

एक प्रश्न राहिला, तो कल्याणच्या एका ड्रायव्हर बांधवांनी विचारला आहे: गाडीवर कव्हर घालावे की नाही? गाडी स्वच्छ असेल, कव्हर आतून मऊ असेल आणि जागा बंदिस्त असेल तर घालावे. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर ओढले, किंवा वाऱ्याने ते रात्रभर फडफडत राहिले, तर सकाळी ओरखडे तयार. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे कव्हर घालून गाडी कोंडली तर आत वाफ धरते आणि क्लिअरवर डाग उठतात. साहेबांनी कव्हर घालायलाच सांगितले तर आधी गाडी धुण्याइतका वेळ मागून घ्यावा.